बांबूच्या जमिनीतून पीठ पडतंय, उपाय सुचवा (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आम्ही कुडाळकडचे. दोन वर्षांपूर्वी आसामात माजुलीला गेलो होतो, तिथे मिसिंग लोकांचं चांग घर पाहिलं. खांबांवर उचललेलं लांबच लांब घर, चढायला खाचा पाडलेला ओंडका, खाली डुकरं, कोंबड्या नि हातमाग. ब्रह्मपुत्रेला पूर आला की पाणी खालून निघून जातं. चिरलेल्या बांबूच्या जमिनीवर अनवाणी चालताना ती किंचित दबते, फटींतून वारा लागतो. तेव्हा आधी माझ्या डोक्यात किडा शिरला, आता तो बांबूत शिरलाय.

परत आल्यावर बागेत दहा बाय बाराची खोली बांधली. किंजळीचे खांब चिऱ्यांवर उभे केलेत, त्यामुळे वाळवी अजून तरी चढलेली नाही. जमीन मात्र घरच्या बांबूच्या बेटातल्या माणग्याची (ही आमच्याकडची बांबूची जात), आणि माणगा तोडला मे महिन्यात, सुट्टी तेव्हाच मिळाली म्हणून. पाण्यात भिजवलाही नाही.

आता रोज सकाळी खाली पिवळसर पिठाच्या ढिगुल्या दिसतात. कामट्यांना टाचणीएवढी भोकं पडलीत. रात्री कान लावला तर कुरतडल्याचा आवाज येतो (बायको म्हणते भास आहे). शेजारचे आबा एवढंच म्हणाले, "चांदण्यात तोडलेल्या काठयेक कीड लागतलीच."

मला वाटतं, माजुलीत घराच्या मधोमध चूल असते, वर मासे सुकवायची शिंकाळी टांगलेली, धूर दिवसभर बांबूत मुरतो. मी नेमकी चूलच वगळली.

जमीन न उखडता बोरॅक्स-बोरिक अॅसिड ब्रशने लावून भागेल का? की खालून धुरी द्यावी? छप्पर झावळांचं आहे, म्हणून भीती वाटते.

प्रतिसाद:
दादा, धुरीचा विचार सोडा, झावळं पेट घेतील. ब्रशने वरवरच लागतं, किडा आत असतो. कामट्या काढा, फार पोखरलेल्या जाळून टाका, उरलेल्या द्रावणात चांगल्या बुडवून ठेवा आणि सावलीत वाळवा. चिरलेला बांबू आतल्या बाजूने द्रावण पितो, वरच्या गुळगुळीत सालीतून ते शिरत नाही. पावसाच्या झडीत हे औषध धुऊन जातं, तेव्हा पागोळ्यांच्या बाजूला छप्पर हातभर पुढे काढा. नव्या कामट्यांसाठी पाऊस सरल्यावर, थंडीत तोडा. तेव्हा काठीत पिष्ट कमी असतं, आणि किडा त्या पिष्टासाठीच येतो. तीन वर्षांखालची काठी घेऊ नका. चांदण्याचं आबांना विचारा!