मदत हवी आहे: २१ फुटी शिडाच्या होडीसाठी टिकाऊ, पाणी न शिरणारे नेव्हिगेशन दिवे

गोदाकाठ_२१

नमस्कार मंडळी. होडी फायबरची, लांबी ६.४ मीटर, डेकपासून डोलकाठी ८ मीटर. ६ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन, १२ व्होल्ट ४० अँपिअर-अवरची लेड बॅटरी. एरवी गंगापूर धरणात असते, पण दिवाळीनंतर ट्रेलरवरून मांडव्याला न्यायची आहे आणि फेब्रुवारीअखेरपर्यंत समुद्रातच ठेवायची आहे. संध्याकाळनंतरही चालवणार.

आत्ताच्या नाळेवरच्या (होडीच्या पुढच्या टोकावरच्या) लाल-हिरव्या दिव्याच्या काचेत आतून बाष्प धरतं आणि होल्डर हिरवा पडलाय. नवीन घ्यायला गेलं तर ऑनलाइन सगळ्यांवर ‘आयपी ६७, मरीन ग्रेड’ लिहिलेलं. किंमत काहीशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत. फरक नक्की कशात? नियमाने मला किती दिवे लागतात? डोलकाठीच्या टोकावर एकच तिरंगी (लाल, हिरवा, पांढरा एकत्र) दिवा लावला तर भागेल का? आणि नाशिकमध्ये वायर कोणती मागू?

उत्तरवारा

खरेदीच्या आधी मांडणी ठरवा, नाहीतर चांगला दिवा चुकीच्या जागी बसतो.

समुद्रावर १९७२ चे टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम लागू होतात. शिडावर चालणाऱ्या होडीला डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा आणि मागे पांढरा. बाजूचे दिवे प्रत्येकी ११२.५ अंश, म्हणजे सरळ समोरपासून आडव्या रेषेच्या २२.५ अंश मागेपर्यंत. मागचा १३५ अंश. तिन्हींची बेरीज ३६०. म्हणून अगदी समोरून सोडलं तर कोणत्याही दिशेने बघणाऱ्याला एकच दिवा दिसतो आणि त्यावरून तो तुमची दिशा ओळखतो. कोन चुकला तर दिवा समोरच्याची दिशाभूल करतो.

१२ मीटरच्या आतल्या होडीला बाजूचे दिवे किमान १ सागरी मैल आणि मागचा व चौफेर पांढरा २ सागरी मैल दिसायला हवेत. ७ मीटरच्या आतल्या शिडाच्या होडीला सवलत आहे: शक्य असेल तर हेच दिवे, नसेल तर पांढरा टॉर्च किंवा पेटता कंदील हाताशी. तुमची होडी त्यात बसते, पण बॅटरी आणि डोलकाठी असताना ‘शक्य नव्हतं’ म्हणायला जागा नाही. टॉर्च तरीही ठेवाच. शिडावर मारला की अख्खं शीड उजळतं.

मशीन सुरू केलं की, शीड वर असलं तरी, नियमासाठी तुमची होडी यांत्रिक होते. तेव्हा बाजूचे दिवे आणि वर चौफेर पांढरा. नांगरावर फक्त चौफेर पांढरा.

म्हणजे दिवे तीन: नाळेवर लाल-हिरवा जोडदिवा, मागे पांढरा, डोलकाठीच्या टोकावर चौफेर पांढरा. मशीनवर असताना मागचा बंद, कारण चौफेर दिवा तिकडेही दिसतोच. तिरंगी दिवा मशीनवर असताना चालत नाही, त्यामुळे तो लावलात तरी नाळेवरचा जोडदिवा लागतोच.

ग्लँड_आणि_ग्रीस

आता ‘वॉटरप्रूफ’बद्दल. आयपी ६७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं. आयपी ६६ म्हणजे जोराचा फवारा. या दोन वेगळ्या चाचण्या आहेत. ६७ पास झालेला दिवा ६६ पास होईलच असं नाही, आणि नाळेवर लाट आदळते ती फवाऱ्यासारखी. म्हणून दोन्ही लिहिलेलं असेल असा घ्या, किंवा सरळ पूर्ण सीलबंद, आत रेझिन ओतलेला.

पाणी काचेतून क्वचितच शिरतं. दिवा दुपारच्या उन्हात तापतो, आतली हवा फुगून रबराच्या कडेने बाहेर पडते. संध्याकाळी थंड लाट बसली की दिवा आत ओढून घेतो: हवा, आणि कडेला पाणी असेल तर पाणीही. रोज एक थेंब पुरतो. दुसरी वाट वायरची. साध्या तांब्याच्या तारांमधून खारं पाणी वातीतल्या तेलासारखं चढतं आणि इन्सुलेशनच्या आत हातभर लांब काळं करून ठेवतं. बाहेरून वायर नवीन दिसते. धरणाच्या गोड्या पाण्यात हे दोष वर्षानुवर्षं झाकलेले राहतात, समुद्रात काही आठवड्यांत बाहेर येतात.

म्हणून बल्ब बदलता येणारा, उघडणारा दिवा नकोच. कारखान्यातच बंद केलेला एलईडी, ज्यातून किमान अर्धा मीटर वायर आधीच बाहेर आलेली आहे, असा घ्या. म्हणजे पहिला जोड दिव्यापाशी येत नाही, होडीच्या आत कोरड्यात येतो. बाकी काही जमलं नाही तरी एवढं करा.

जुन्या लाल-हिरव्या काचेमागे पांढरा एलईडी बल्ब खोचू नका. त्या काचा फिलामेंटच्या प्रकाशासाठी रंगवलेल्या असतात. पांढऱ्या एलईडीत लाल रंग कमी, त्यामुळे लाल मंद होतो आणि हिरवा निळसर दिसतो. शिवाय प्रकाशाचा उगम सरकल्याने कोनही बिघडतात.

दिव्याच्या अंगावर काय कोरलंय ते बघा: किती सागरी मैल, किती अंश, व्होल्टची मर्यादा (१० ते ३० असेल तर उत्तम) आणि मान्यता क्रमांक. हे नसेल तर तो ट्रकच्या बाजूचा दिवा आहे असं समजा. हेला मरीन, अ‍ॅक्वा सिग्नल, लोपोलाइट यांचे प्रमाणित दिवे मिळतात. महाग आहेत, पण पैसे इथेच घाला.

डोलकाठी_८मी

उत्तरवारा यांच्या मांडणीवर थोडा वाद घालतो. नाळेवरचा दिवा पाण्यापासून जेमतेम १ मीटर. अर्ध्या-एक मीटरची लाट असली की मासेमारी होडीवरच्या माणसाला तो लुकलुकताना दिसतो, आणि जिबची (पुढच्या शिडाची) खालची कड खाली असेल तर एक बाजू झाकली जाते. टोकावरचा तिरंगी दिवा या दोन्हींतून सुटतो. २० मीटरच्या आतल्या शिडाच्या होडीला नियमात तो चालतो. वीजही वाचते, तीन कोनांना मिळून एकच दिवा.

उत्तरवारा

@डोलकाठी_८मी, मान्य, खुल्या समुद्रात तिरंगीच. पण मांडवा ते मुंबई पट्ट्यात रात्री किनाऱ्याच्या दिव्यांच्या गर्दीत उंचावरचा एकटा दिवा किती दूर आहे ते कळत नाही. पाण्यालगतच्या दिव्याचं अंतर डोळ्याला पटकन लागतं. क्षितिजाचा प्रश्न नाही: दिवा १ मीटरवर आणि बघणाऱ्याचा डोळा २ मीटरवर असला तरी सुमारे ५ सागरी मैलांपर्यंत मधे पाण्याची गोलाई येत नाही. आपल्याला हवेत १ ते २. दुसरं, ही डोलकाठी ट्रेलरसाठी दर वेळी उतरणार. त्यामुळे पहिल्या मोसमाला तीन दिवे, तिरंगी नंतर. जोडदिवा मात्र जिबच्या पुढे, पुलपिटच्या (नाळेवरच्या कठड्याच्या) अगदी टोकाला बसवा.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. होडी कलली की दिवाही कलतो. शिडाच्या होडीच्या दिव्याला २५ अंश वर-खालीसुद्धा किमान तीव्रतेच्या ५० टक्के प्रकाश द्यावा लागतो. मशीनच्या होडीच्या दिव्याला फक्त ७.५ अंशांपर्यंत ६० टक्के. मोटरबोटीचा दिवा शिडाच्या होडीवर लावला तर बंदरात झकास दिसतो आणि वाऱ्यावर २० अंश कलताच मंदावतो. घेताना ‘शिडाच्या होडीसाठी मान्य आहे का’ हा प्रश्न विचाराच.

गोदाकाठ_२१

खूप आभार, हे कलण्याचं माहीतच नव्हतं. तीन दिवे नक्की. आता वायर आणि स्विच. शिडावर, मशीनवर, नांगरावर असे तीन प्रकार चुकीचा दिवा न लागता कसे जोडू? बॅटरी पुरेल का?

सातपूर_वायरमन

बॅटरी आधी. एलईडी दिवा साधारण २ ते ३ वॅट. शिडावर दोन दिवे, ५ वॅट धरा, म्हणजे ०.४ अँपिअर. हिवाळ्यातल्या १३ तासांच्या रात्रीला सुमारे ५ अँपिअर-अवर. लेड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, तरी २० हाताशी आहेत. जुना २५ वॅटचा फिलामेंट एकटा २१ घ्यायचा, तेही १० तासांत.

वायर: घरातली साधी तांब्याची नको. ‘टिन्ड कॉपर, मल्टिस्ट्रँड’ असं म्हणून मागा. इलेक्ट्रिकच्या दुकानात नाही म्हणाले तर सोलर पॅनेल बसवणाऱ्यांकडे जा. सोलरची डीसी केबल कथील चढवलेल्या तांब्याची असते आणि तिचं आवरण उन्हाला टिकतं. ४ चौरस मिलिमीटरची सहज मिळते. या कामाला १.५ पुरते. डोलकाठीला जाऊन-येऊन २४ मीटर धरली तर १.५ च्या वायरचा रोध सुमारे ०.२९ ओहम, पाव अँपिअरला व्होल्टेज जेमतेम ०.०७ पडतं. त्यामुळे जाड वायरच्या मागे धावू नका, कथलाच्या मागे धावा.

जोड सोल्डरने करू नका. कथील जिथे संपतं तिथे तार कडक होते आणि हादऱ्याने तिथेच तुटते. रॅचेटच्या पक्कडीने लग (वायरच्या टोकाची धातूची टोपी) दाबा, वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी). तापवल्यावर दोन्ही टोकांना गोंद बाहेर आलेला दिसला पाहिजे.

स्विच: एक सहा टर्मिनलचा दोन पोलचा ‘चालू-बंद-चालू’ घ्या. मधल्या दोन्ही टर्मिनलना प्लस. पहिल्या पोलची वरची-खालची टर्मिनल एकमेकांना जोडून जोडदिव्याला. दुसऱ्या पोलचं एका टोकाचं मागच्या दिव्याला, दुसऱ्या टोकाचं चौफेर पांढऱ्याला. एका बाजूला केलं की शीड, दुसऱ्या बाजूला केलं की मशीन. नांगरासाठी वेगळा साधा स्विच थेट चौफेर पांढऱ्याला. शिडावर असताना तो बंद हवा, त्याला वेगळा रंग द्या. उलटा करंट कुठे फिरत नाही, डायोड लागत नाही. या सर्किटला ३ अँपिअरचा फ्यूज, बॅटरीच्या प्लसपासून एका वितीच्या आत.

व्हीएचएफ रेडिओ असेल तर: स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) आवाज जेमतेम बंद होईल तिथे ठेवा आणि दिवे लावा. खरखर सुरू झाली तर दिव्याचा ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) रेडिओत गोंधळ घालतोय. स्वस्त एलईडीत हे सर्रास होतं. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ मध्ये यासाठी इशाराही काढला होता. तो दिवा परत करा, कारण दूरचा आवाज दबतो आणि कळतही नाही.

ग्लँड_आणि_ग्रीस

बसवताना या चुका टाळा. आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांबं खातं. न्यूट्रल क्युअर घ्या. पॉलिकार्बोनेटच्या काचेला थिनर, पेट्रोल किंवा थ्रेडलॉकर (स्क्रू पक्के करायचा गोंद) लागू देऊ नका, बारीक तडे जातात. स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे, बिल बघून घ्या, लोहचुंबकाने ३०४ आणि ३१६ ओळखता येत नाहीत. अ‍ॅल्युमिनियमच्या डोलकाठीत स्क्रू जाताना लॅनोलिन ग्रीस लावा, नाहीतर दोन धातू एकमेकांना खातात आणि स्क्रू कायमचा बसतो. भोकाच्या आधी वायरला खाली झोळ द्या, पाणी झोळावरून ठिबकेल.

पाण्याची परीक्षा घरी: दिवा बॅटरीवर (भिंतीच्या अ‍ॅडाप्टरवर नाही) अर्धा तास लावून गरम करा, तसाच थंड पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवा, पुसा, तासभर फ्रिजमध्ये. आत धुकं दिसलं तर परत पाठवा.

कोनाची परीक्षा: होडी जमिनीवर, अंधारात. नाळेसमोर ३० मीटरवर उभं राहून आडवं चाला. दोन्ही रंग एकदम दिसण्याचा पट्टा १ ते ३ मीटर रुंद असावा आणि त्याचा मध्य होडीच्या मधल्या रेषेवर. पट्टा एका बाजूला सरकला असेल तर ब्रॅकेट वाकडं आहे, पातळ वॉशर घालून सरळ करा. मग दिव्यापासून १० मीटर बाजूला जा आणि होडीच्या मागच्या टोकाच्या दिशेने सरकत राहा: सुमारे ४.१ मीटरवर तो मंदावायला लागावा आणि ५.२ मीटरपर्यंत विझलेला दिसावा.

गोदाकाठ_२१

शेवटचा प्रश्न. घाटातून डोलकाठी आडवी जाणार, वरच्या दिव्याचं काय करू? आणि डोलकाठीच्या पायथ्याशी प्लग लावू का?

सातपूर_वायरमन

दिवा काढून फोममध्ये गुंडाळून गाडीत ठेवा. ट्रेलरच्या मागे लोंबणाऱ्या टोकाला सगळ्यात जास्त हादरे बसतात. त्यासाठी टोकाशी ड्यूश डीटी जातीचा दोन पिनचा कनेक्टर घाला, ट्रकच्या स्पेअर पार्टवाल्यांकडे विचारा, पिना सिलिकॉन ग्रीसने भरा. पायथ्याशी डेकवर प्लग नको, तिथे पाणी साचतं. वायर ग्लँडमधून (वायरभोवती घट्ट बसणाऱ्या, पाणी अडवणाऱ्या बुचातून) आत घ्या, ३० सेंटिमीटर शिल्लक ठेवा आणि जोड आत टर्मिनल पट्टीवर करा. डोलकाठी उतरवताना दोन स्क्रू सोडले की झालं.