थंडी सरताना तलावात मासा गळाला लागत नाही: जागा चुकते की आमिष?

काठावरचा:
थंडी संपत आली, दुपारचं ऊन तापतंय. तलावावर उजाडायच्या आत गरवायला बसलं तरी दहा वाजेपर्यंत फ्लोट (दोरीवरचा तरंगता खुणेचा तुकडा) हलत नाही. जागा बांधाजवळ, खोली १० ते १२ फूट. १० फुटी रॉड, ०.३५ मिमीचा तंगूस (नायलॉनची दोरी), ४ नंबरचा गळ, आमिषाला गांडूळ नाहीतर कणीक. मासा मुख्यतः सायप्रिनस (कॉमन कार्प). दुसरी कटकट म्हणजे फ्लोट उभा न राहता आडवा पडतो. याच सामानावर नदीलाही जायचं आहे, तिथे काय बदलावं?

डोहकरी:
आमिषाला बोल लावू नका, वेळ आणि जागा दोन्ही चुकताहेत. माशाचं अंग पाण्याइतकंच गार असतं. पाणी १० अंशांच्या खाली असेल तर सायप्रिनस जेमतेम तोंड हलवतो. १२ च्या पुढे नीट खायला लागतो आणि १७-१८ च्या आसपास अंडी घालायला काठच्या गवतात शिरतो. उन्हाळ्यातली पहाटेची सवय या दिवसांत कामाची नाही, कारण रात्रभर निवलेलं पाणी पहाटेच सगळ्यात गार असतं. ११ ते ४ बसा.

बांधाजवळचं खोल पाणी सर्वांत उशिरा तापतं. २ ते ४ फुटांचा उथळ भाग शोधा. तळाला काळा गाळ, गेल्या वर्षीचं वाळलेलं लव्हाळं आणि दिवसभर ऊन, एवढं जिथे जमेल तिथे बसा. उत्तर गोलार्धात सूर्य दक्षिणेकडून असतो, म्हणून बहुधा उत्तरेचा काठ आधी तापतो. कोमट वारा दोन-तीन दिवस एकाच दिशेने वाहिला तर वरचं तापलेलं पाणी समोरच्या काठाला साचतं, मासाही तिथेच. वारा बोचरा असेल तर उलट करा, आडोशाचा कोपरा धरा.

अंदाजाने बसू नका. थर्मामीटर सुतळीला बांधून दीड फूट खाली दोन मिनिटं सोडा, दोन-तीन ठिकाणी मोजा. दोन अंशांचा फरक निघाला तरी सामान उचलून तिकडे जा. मधेच थंडी परतली तर मासा उथळातून लगतच्या ६-८ फुटांच्या उतारावर सरकतो, पार मधोमध जात नाही.

शिसेवाला:
फ्लोट आडवा पडण्याची कारणं दोनच: दोरीवरचं शिसं (वजनाच्या गोळ्या) कमी, किंवा खोली जास्त लावल्यामुळे शिसं तळावर टेकलेलं. फ्लोट गळाच्या दिशेने फूटभर सरकवा. उभा राहिला तर खोली चुकली होती, नाही राहिला तर शिशाच्या गोळ्या वाढवा. शेंडा जेमतेम सेंटिमीटरभर वर दिसायला हवा. बोटभर बाहेर असेल तर गार पाण्यातला हलका चावा कळतच नाही.

फ्लोटवर २ ग्रॅम लिहिलं असेल तर दीड ग्रॅमच्या गोळ्या गळापासून दीड फुटावर एकत्र लावा, एक बारीक गोळी गळापासून ५-६ इंचांवर, उरलेलं वजन फ्लोटच्या बुडाशी. ही खालची गोळी तळाला जेमतेम टेकू द्या. सायप्रिनस आमिष उचलतो तेव्हा गोळीचा भार जातो आणि फ्लोट बुडण्याऐवजी वर येऊन लवंडतो. तोही चावाच, लगेच हिसका द्या.

गळ ४ नंबर मोठा आहे. ८ किंवा १० लावा (नंबर वाढतो तसा गळ लहान होतो). मुख्य तंगूस ०.२५, गळाकडची फूटभर दोरी ०.२०. गोळ्या दाताने दाबू नका, शिसं विषारी असतं. काही देशांत शिशाच्या छोट्या वजनांवर बंदीही आहे, तिथे टंगस्टनच्या गोळ्या वापरा.

रीळदुरुस्ती:
दोरी बदलताच आहात तर गेल्या हंगामाचा तंगूस ठेवूच नका. नायलॉन उन्हाने कमकुवत होतो आणि वरून दिसत नाही. गाठ मारून हिसडून बघा, फट्कन तुटला तर फेकून द्या. रिळावर कडेपासून २ मिमी खालपर्यंतच भरा, जास्त भरलात तर पहिल्या फेकीलाच गुंता. गाठीला ५-६ वेढे, आवळण्याआधी थुंकीने ओली. कोरडी आवळली की घर्षणाने तापते आणि मासा तिथूनच सुटतो.

ड्रॅग (मासा ओढेल तशी दोरी सोडणारा रिळाचा ब्रेक) दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवा, म्हणजे ४ किलोच्या दोरीला १ ते १.३ किलो. ताणकाट्याने ओढून मोजा, बोटाला हा फरक कळत नाही. हिवाळाभर रीळ ड्रॅग आवळून ठेवलं असेल तर आतल्या चकत्या दबून चिकटतात, मग दोरी झटक्याझटक्याने सुटते. ठेवताना ड्रॅगचं मळसूत्र सैल करून ठेवायचं.

काठावरचा:
कळलं. मासा जमवायला पाण्यात चारा किती टाकावा? आणि नदीचं राहिलं.

डोहकरी:
चारा कमी. गार पाण्यात पचन मंद असतं, पोट भरलं की गळाकडे कोण बघतो? लिंबाएवढे दोन गोळे टाका, पुढचा चावा मिळाल्यावरच तिसरा.

नदीत फ्लोट काढून २० ते ३० ग्रॅमचं चपटं शिसं तळाला बसवा, गोल असलं तर प्रवाहात गडगडतं. वेगवान आणि संथ पाण्याची शीव जिथे दिसते तिथे, संथ बाजूला टाका. मोठ्या धोंड्याच्या मागे आणि वळणाच्या आतल्या अंगाला मासा दम खात असतो. पाण्याच्या कडेला काटकी रोवून ठेवा. वर बर्फ वितळत असेल किंवा धरणाचं पाणी सुटलं असेल तर काटकी आधी सांगते. ती बुडायला लागली आणि पाला-काटक्या वाहत आल्या की गाशा गुंडाळा. गुडघ्याच्या वर पाण्यात उतरू नका.

शिसेवाला:
विणीच्या हंगामात अनेक पाण्यांवर मासेमारी बंद असते, परवाना आणि तारखा आधी बघून घ्या. गाभोळी भरलेली मादी लागली तर हात ओले करून गळ काढा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. पाण्यातच धरून ठेवा, स्वतःहून शेपटी मारली की सोडा.