कॉलेजातला ओला-सुका कचरा आणि रद्दी : मुंबईत आजवर काय काय झालं, आणि त्यातलं टिकतं काय? (चर्चामंचावरचा प्रश्न आणि उत्तरं; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

हिरवा_फलक

मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका कॉलेजसाठी कचऱ्याच्या पुनर्वापराचा इतिहास सांगणारे दहा फलक करायचे आहेत. त्याच निमित्ताने आवारातली व्यवस्थाही नव्याने लावायची आहे. सुमारे चार हजार विद्यार्थी, एक कँटीन, ग्रंथालय, दोन संगणक प्रयोगशाळा, भरपूर झाडं. वसतिगृह नाही. कँटीनचा ओला कचरा रोज ४० किलोच्या आसपास.

मुंबईत हे काम कुठून सुरू झालं, कोणत्या साली काय बदललं, हे हवं आहे. अशा योजना दोन-तीन वर्षांत बंद का पडतात? आणि पावसाळ्यात खताचा खड्डा सडतो, त्याचं काय करायचं? कृपया ‘जनजागृती करा’ एवढ्यावर थांबू नका. कोणतं भांडं, किती मोठं, कुणी कधी उचलायचं, असं सांगा.

जुनी_फाईल

पहिला फलक सरकारी नियमांपासून सुरू करू नका, रद्दीपासून करा. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, म्हणजे परीक्षा घेणारी आणि कॉलेजांना संलग्नता देणारी संस्था म्हणून. स्वतः शिकवणारे विभाग विसाव्या शतकात आले. त्यामुळे या विद्यापीठाचा मूळचा कचरा म्हणजे कागद, आणि त्यातही उत्तरपत्रिका. साठ ग्रॅमचा (म्हणजे चौरस मीटरला साठ ग्रॅम भरणारा), ए-फोरच्या जवळपासचा कागद धरला तर ३२ पानी उत्तरपत्रिकेत १६ कागद येतात, वजन सुमारे ६० ग्रॅम. एक लाख उत्तरपत्रिका म्हणजे सहा टन कागद. हा माल जपणुकीची मुदत संपल्यावर निविदा काढून विकायचा, आणि विकत घेणाऱ्याने तो थेट लगद्यासाठीच द्यायचा, पुड्या बांधायला बाहेर जाऊ द्यायचा नाही, ही अट घालण्याची पद्धत जुनी आहे. त्याला तेव्हा कुणी पर्यावरणाचं काम म्हणत नव्हतं. पण तो कागद नियमाने गिरणीत पोचत होता, कारण त्याची नोंद होती, पैसे येत होते आणि जबाबदार माणूस ठरलेला होता. योजना बंद का पडतात, या तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

पुढचे टप्पे असे मांडा. १९६९ मध्ये ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली आणि श्रमदानाला चौकट मिळाली. १९९१ मध्ये वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचं शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. कॉलेजच्या प्रकल्प-वह्यांत कचरा हा विषय शिरला तो त्यानंतर. १९९६ मध्ये शहरांतल्या कचऱ्याबद्दल अलमित्रा पटेल यांची याचिका सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली आणि त्यातून २००० सालचे घनकचरा नियम आले. त्याच सुमारास पालिकेच्या ‘एएलएम’ म्हणजे गल्लीवार नागरिक गटांचं काम घाटकोपरच्या जोशी लेनपासून सुरू झालं. स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ मध्ये ‘परिसर विकास’ सुरू केला आणि कचरावेचक बायकांना वर्गीकरणाचं, खताचं आणि बायोगॅसचं प्रशिक्षण दिलं. हा फलक मोठा करा. मुंबईत सुका कचरा सुटा होतो तो मुळात या बायकांच्या हातांनी, आणि कॉलेजांच्या अहवालांत त्यांचं नाव क्वचित येतं.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. विद्यापीठाचं कलिना संकुल तिथून जवळच. गटारं तुंबण्यात पिशव्यांचा वाटा चर्चेत आला आणि राज्याचे २००६ चे प्लास्टिक पिशव्यांचे नियम आले. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचं डंपिंग ग्राउंड पेटलं. ते १९२७ पासून चालू आहे. एप्रिल २०१६ मध्ये केंद्राचे नवे घनकचरा नियम आले. त्यांनी रोज सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या संस्थांना मोठे कचरा-उत्पादक ठरवलं आणि त्यात कॉलेजं-विद्यापीठं स्पष्ट धरली. पालिकेने ऑक्टोबर २०१७ पासून त्याचा आग्रह धरला. इथे एक गफलत नेहमी होते. १०० किलो हे ओला, सुका, पालापाचोळा सगळं मिळून. तुमचा कँटीनचा कचरा ४० किलो असला तरी झाडांचा पाला धरून एकूण शंभरावर जाऊ शकतो. आठवडाभर रोज वजन करून पाहा. शिवाय ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या संस्थांना शक्य तेवढा ओला कचरा आवारातच जिरवायला त्याच नियमांत सांगितलं होतं. शेवटचा फलक २०१८ च्या राज्यातल्या प्लास्टिकबंदीचा : अधिसूचना २३ मार्चला, अंमल २३ जूनपासून.

ओला_सुका

योजना बंद पडते तिथली पहिली जागा म्हणजे हातगाडी. कॉरिडॉरमध्ये हिरवा आणि निळा डबा असतो, पण सफाई कामगाराकडे गाडी एकच आणि कप्पाही एकच. दोन्ही डबे तिथे एक होतात. एकदा विद्यार्थ्यांनी हे पाहिलं की पुढे कुणी वेगळं टाकत नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. आधी दोन कप्प्यांची गाडी घ्या, मग डबे.

डबे कमी ठेवा. वर्गातले छोटे डबे काढून टाका. प्रत्येक मजल्यावर जिन्याजवळ एकच जागा करा आणि तिथे दोन्ही डबे शेजारीशेजारी ठेवा. एकटा डबा कुठेही नको, त्यात सगळंच पडतं. सुक्याच्या झाकणाला कागदापुरती आडवी फट आणि बाटलीपुरतं गोल भोक पाडलं की खाण्याचे पुडे आत जात नाहीत. आतली पिशवी काळी नको, पारदर्शक हवी. काय मिसळलंय ते उचलणाऱ्याला दिसायला हवं. कँटीनचा ओला कचरा जेवणाची गर्दी ओसरल्यावर, तीनच्या सुमारास उचला. संध्याकाळपर्यंत ठेवलात तर मुंबईच्या दमटपणात त्याला पाणी सुटतं.

कँटीनमध्ये काय विकायचं ते आधी ठरवा. चहाचे कागदी कप रद्दीत चालत नाहीत, आत प्लास्टिकचा थर असतो. वेफर्सच्या चकचकीत पाकिटांना भंगारात भाव नाही. दुधाच्या पिशव्यांना भाव आहे, पण त्या धुऊन, उलट्या टांगून वाळवलेल्या हव्यात. पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, नाहीतर तो तुकडा थेट गटारात जातो. फेस्टिव्हलच्या काळात फ्लेक्सची मोठी अडचण होते. ते पीव्हीसीचं असतं आणि आपला रद्दीवाला ते घेत नाही. फेस्टच्या परवानगीपत्रातच कापडी फलकाची अट घाला. थर्मोकोलची सजावट तर २०१८ पासून बंदच आहे.

दुसरं कारण बॅच. उत्साही मुलं तीन वर्षांनी पास होऊन जातात आणि रद्दीवाल्याचा नंबर त्यांच्याबरोबर जातो. नंबर, वार, दर आणि वजनाची वही कार्यालयात कायम नोकरीतल्या माणसाकडे हवी. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सातव्या निकषात कचरा व्यवस्थापनाची माहिती द्यावी लागते. तिथे फोटोऐवजी ही वही जोडा.

पालापाचोळा

खड्डाच नको. भराव घातलेल्या जमिनीत पावसाळ्यात भूजल वर येतं आणि खड्डा खालून भरतो. वर पत्रा घालून काही उपयोग होत नाही. जमिनीच्या वर, सहा इंचांच्या ओट्यावर जाळीदार विटांचे हौद बांधा. प्रत्येक हौद एक घनमीटरचा. त्याहून लहान ढिगात उष्णता धरत नाही. ओट्याला उतार द्या आणि निचरा एका कडेला गोळा करा. वर पत्रा घाला, आणि पाऊस नैर्ऋत्येकडून तिरका येतो म्हणून त्या बाजूला पत्रा दोन फूट तरी पुढे काढा.

तुमचा ४० किलो ओला कचरा म्हणजे साधारण ८० लिटर. त्यात दुप्पट, म्हणजे १६० लिटर चुरलेला सुका पाला. कारण असं : शिजलेल्या अन्नात नत्र जास्त, पाल्यात कर्ब जास्त, आणि कुजायला कर्ब-नत्राचं प्रमाण २५ ते ३० ला एक लागतं. भरता भरता ढीग बसतो, त्यामुळे सहा कामाच्या दिवसांत एक हौद भरतो. पूर्ण खताला सात-आठ आठवडे धरा, म्हणजे आठ हौद हवेत.

आता खरी अडचण. पानगळ फेब्रुवारी ते एप्रिल, तेव्हा परीक्षा आणि मग सुट्टी. कँटीन जोरात चालतं ते जूननंतर, तेव्हा सुका पाला मिळत नाही. म्हणून पावसाळ्यात नुसतं अन्न पडतं आणि सडतं. जून-सप्टेंबरच्या सुमारे ९० कामाच्या दिवसांसाठी १६० लिटरप्रमाणे साडेचौदा घनमीटर पाला साठवावा लागेल. तीन मीटर लांब, अडीच रुंद, दोन उंच असा जाळीचा पिंजरा छपराखाली केला की तो मावतो. पाला आधी श्रेडरमधून काढा. गुलमोहर आणि विलायती शिरीषाची पानं बारीक असल्याने तशीच चालतात. आंबा, फणस आणि बदामाची चिवट पानं अख्खी घातलीत तर थर धरतात आणि हवा बंद होते.

आमटी-सांबार घालू नका, चाळणीवर निथळून घ्या. हाडं आणि नारळाच्या करवंट्या वेगळ्या काढा. प्रत्येक थरावर दोन घमेली जुनं खत टाका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आतलं तापमान ५५-६० अंशांवर यायला हवं. ६५ च्या वर गेलं किंवा ४५ च्या खाली आलं की खालीवर करा. ओल तपासायला मूठभर माल दाबा. एक-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर पाला वाढवा. डोळे झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे नत्र जास्त, तिथेही पालाच. सडक्या अंड्यांचा वास म्हणजे हवा नाही, तिथे आधी खालीवर करा.

कुणी बायोगॅस सुचवेल. वसतिगृह नसलेल्या कॉलेजला मी तो सुचवणार नाही. मे महिन्यात संयंत्र उपाशी राहतं, आणि जूनमध्ये एकदम ४० किलो घातले की आम्ल साठून गॅस थांबतो. लावायचाच असेल तर सुट्टीतही शेणाचा थोडा रबडा चालू ठेवा आणि जूनमध्ये पाव भागापासून सुरुवात करून तीन आठवड्यांत पूर्ण भारावर या.

लगदा

कागदाबद्दल दोन गोष्टी. पांढरा छापील कागद, वर्तमानपत्र आणि पुठ्ठा असे तीन वेगळे गठ्ठे करा. एकत्र दिलेत तर सगळ्याला सर्वांत हलक्या मालाचा भाव मिळतो. ७५ ग्रॅमच्या ए-फोरचं ५०० कागदांचं रीम २.३४ किलोचं असतं. वर्षभरात विकत घेतलेली रीमं आणि विकलेली रद्दी यांचा ताळा त्यावरून बसतो.

गिरणीला त्रास पिनांचा नाही, गोंदाचा होतो. पिना लगद्यातून वेगळ्या निघतात, पण बारकोडच्या चिकट पट्ट्या आणि बांधणीचा गोंद वितळून जाळीवर बसतो आणि कागदाला भोकं पडतात. म्हणून प्रबंधांची रेक्झिनची पुठ्ठी आणि पाठीची पट्टी कापून काढा. गोपनीय कागद फार बारीक कापू नका, धागे तुटतात आणि भाव पडतो. लांब पट्ट्या पुरतात. एटीएमच्या पावत्या आणि लॅमिनेट केलेली पानं रद्दीत नकोत.

हिरवा_फलक

पिंजऱ्याची कल्पना लगेच कामाला घेतो. आणखी एक : एका बंद खोलीत जुने संगणक आणि यूपीएस पडून आहेत. रद्दीवाला न्यायला तयार आहे. देऊ का?

भांडार_विभाग

देऊ नका. ई-कचऱ्याचे पहिले नियम १ मे २०१२ पासून लागू झाले आणि सध्याचे २०२२ चे, १ एप्रिल २०२३ पासून. वर्षात हजार किंवा जास्त उपकरणं वापरणारी संस्था त्यात मोठा ग्राहक धरली आहे. तुमचं कॉलेज त्यात बसत नसलं तरी माल नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यालाच द्या आणि पावती घ्या.

तो माल खोलीत अडकतो तो निर्लेखनामुळे, म्हणजे वस्तू नोंदवहीतून रीतसर कमी करण्याच्या कामामुळे. वस्तू जडवस्तू संग्रह नोंदवहीत (डेड स्टॉक रजिस्टरमध्ये) आहे तोवर ती हलवायची हिंमत कुणी करत नाही. त्यामुळे क्रम असा ठेवा : यादी, नोंदवहीतल्या क्रमांकाशी मेळ, निर्लेखन समितीची सही, हार्ड डिस्क काढून नष्ट केल्याची नोंद, मग फक्त नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांत लिलाव. समितीची बैठक दर वर्षी मार्चआधी एकदा ठरवून टाका.

यूपीएसच्या बॅटऱ्या यात धरू नका, त्यांना २०२२ चे वेगळे नियम आहेत. त्या शिशाच्या असतात, आत आम्ल असतं. नवी बॅटरी घेताना विक्रेत्याला जुनी परत घ्यायला लावा आणि ते खरेदी आदेशातच लिहा. तोवर उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका, टोकांवर टेप लावा. त्याच खोलीत जुन्या ट्यूबलाइट असतील तर त्या त्यांच्या पुठ्ठ्याच्या नळीत घालून वेगळ्या ठेवा. आत पारा असतो, फोडून जागा वाचवायला जाऊ नका.