हिवाळ्यात लहान मुलं आणि आईंना घेऊन जवळच्या झाडीत, बागेत जायचंय, काय काय करता येईल?

स्नेहल२१

नमस्कार मंडळी, थोडा सल्ला हवाय. थंडी सुरू झाल्यापासून आम्ही ठरवलंय की सुट्टीच्या दिवशी मॉलबिल काही नाही, घराजवळ झाडी आहे तिथे नाहीतर मोठ्या बागेत जायचं. बरोबर सहा वर्षांची लेक, बाबागाडीतला दीड वर्षाचा मुलगा आणि सासूबाई. आईंना बीपीच्या गोळ्या चालू आहेत पण चालायची भारी हौस, मला सोडून जाऊ नका म्हणतात. अडचण अशी की निम्मी झाडं बोडकी झालीयेत, फुलं नाहीत, फुलपाखरं नाहीत, आणि लेक थोड्या वेळातच सुरू करते, आई इथे काहीच नाहीये, घरी चल. मला झाडापक्ष्यांची नावं फारशी येत नाहीत त्यामुळे तिला दाखवू काय तेही सुचत नाही. तर कुठल्या वेळी जावं, कपडे कसे घालावेत (लेकीला जाड जॅकेटमध्ये घाम येतो आणि थांबलो की लगेच कुडकुडते) आणि मुख्य म्हणजे तिथे जाऊन करायचं काय? मोठ्या ट्रेकचे सल्ले नकोत, दोनेक तासांत परत येता येईल असं सांगा.

झाडोरा

अहो स्नेहल, बोडकं झाड हीच तर दाखवायची गोष्ट आहे! एरवी पानांच्या गर्दीत जे दिसत नाही ते सगळं आत्ता उघडं असतं, फांद्यांची ठेवण, ढोल्या, जुनी घरटी, सालीवरचं शेवाळ. नावं येत नाहीत तर बिघडलं काहीच नाही, बघता येतं की.

लेकीला हाताशी येईल अशी एखादी फांदी धरून बघू द्या, तोडायची मात्र नाही. पान जिथून गळलं तिथे छोटासा वण असतो, भिंग असेल तर उत्तम, नसलं तरी नीट बघितलं की त्या वणात बारीक ठिपके दिसतात. पानाला पाणी पोचवणाऱ्या आणि पानातलं अन्न बाहेर नेणाऱ्या नळ्या तिथे तुटलेल्या असतात. झाड पान असंच टाकून देत नाही बरं का, आधी त्यातला नायट्रोजन वगैरे जेवढं परत घेता येईल तेवढं फांदीत ओढून घेतं, देठाच्या बुडाशी एक पडदा तयार होतो, तिथून पान सुटतं आणि जखमेवर बुचासारखा थर धरतो. वणाचा आकार जातीजातीत वेगळा, कुठे अर्धचंद्र, कुठे बदामाच्या आकाराचा, कुठे नुसता गोल. आणि त्या वणाच्या अगदी वरती बघा, डोळा दिसेल. बऱ्याच झाडांमध्ये पुढच्या हंगामाची पानं त्या डोळ्यात घड्या घालून आत्ताच तयार असतात. मुलांना हे सांगितलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात, कारण त्यांना वाटत असतं झाड मेलं.

मग खाली पाचोळा उचकायला लावा. जाळीदार पानं सापडतील, मधला मऊ भाग बुरशी आणि किड्यांनी संपवलेला आणि शिरा तेवढ्या शिल्लक, कारण शिरा चिवट असतात, लवकर कुजत नाहीत. ओंडका सरकवला तर खाली जे काही असेल ते बघायचं आणि ओंडका हळूच होता तसाच परत ठेवायचा, हे मात्र तिला पहिल्याच दिवशी शिकवा. ते किडे थंडी काढायला तिथे बसलेले असतात, आपण त्यांचं छप्पर काढून निघून जायचं हे मला अजिबात पटत नाही. आणि बागेत कोणी पाचोळ्याचे ढीग पेटवत असेल तर नम्रपणे पण नक्की बोला, त्यात किती जीव असतात ते आता तुम्हाला माहीत आहे.

गारवा

वेळेबद्दल माझं स्पष्ट मत, भल्या पहाटे जाऊ नका. लोकांना वाटतं पहाटेची हवा सगळ्यात शुद्ध, पण हिवाळ्यात बऱ्याचदा उलट असतं. रात्री आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन भराभर गार होते, जमिनीलगतची हवा गार आणि जड होऊन खाली बसते, वर तुलनेनं उबदार हवेचं झाकण, आणि गाड्यांचा धूर, धूळ सगळं त्या झाकणाखाली अडकतं. ऊन चढून जमीन तापली की ते झाकण मोडतं. त्यामुळे रस्त्यालगतची बाग असेल तर उन्हं चांगली वर आल्यावरच निघा, आईंसाठी तर नक्कीच.

आईंचं थोडं वेगळं. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, बीपी वर जातं, त्यामुळे घरातून निघून एकदम भरभर चालायला लागू नका, घरातच थोडे हातपाय हलवून निघायचं, कान आणि डोकं झाकायचं, नाकातोंडावरून मफलर घ्यायचा म्हणजे आत जाणारी हवा जरा कोमट होते. थंडीत तहान लागल्याचं लवकर कळत नाही, पाणी आठवणीनं द्या. दगडी बाकावर नुसतं बसू देऊ नका, खाली फोमची चटई किंवा घडी घातलेली घोंगडी टाका, दगड अंगातली ऊब भराभर ओढून घेतो. आणि गोळ्या चालू आहेत तर किती चालायचं ते त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

कपड्यांचं सांगायचं तर लेकीचं जाड जॅकेट घरी ठेवा आणि त्याऐवजी तीन पातळ थर. अंगालगत सुती नको, सुती कापड घाम पितं, ओलं राहतं आणि थांबलं की तेच गार पडतं, तुमच्या लेकीचं नेमकं तेच होतंय. आतून लोकरीचं किंवा थर्मल, मध्ये स्वेटर, वरून वारा अडवणारं पातळ काहीतरी. चालताना मधला काढायचा, थांबलात की अंग गार पडायच्या आधीच घालायचा. दोन दोन मोजे कोंबून बूट घट्ट करू नका, रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात.

सगळ्यात जास्त लक्ष कुणाकडे, तर बाबागाडीतल्या बाळाकडे! आपण चालतो म्हणून आपल्याला गरम होतं, ते एका जागी बसलेलं असतं आणि लहान मुलांच्या अंगातली ऊब मोठ्यांपेक्षा लवकर जाते. मानेमागे हात घालून बघत जा, हाताच्या बोटांवरून अंदाज येत नाही. ओढ्याकाठची किंवा खोलगट जागा टाळा, गार हवा उतारावरून वाहत तिथेच साठते. चार पावलं वर चढलात तरी फरक जाणवतो.

किलबिल

वरच्या दोघांना +१. पक्ष्यांबद्दल मी सांगते.

हिवाळ्यात झाडीत शिरलं की आधी खरंच सुनसान वाटतं आणि मग अचानक चहूबाजूंनी चिवचिवाट सुरू होतो, दहा मिनिटं धमाल आणि परत शांत. याचं कारण असं की विणीचा हंगाम संपला की बरेच छोटे पक्षी आपापली हद्द सोडून वेगवेगळ्या जातींचे एकत्र थवे करून फिरतात. एवढ्या जणांत ससाणा बिसाणा कुणाला तरी आधी दिसतोच, आणि एकानं उडवलेला किडा दुसऱ्याच्या तोंडी लागतो. म्हणून चालत राहू नका. एखादी उन्हाची जागा बघून सगळे बसा, थवा तुमच्याकडे यायची शक्यता असते, आणि आईंनाही विश्रांती मिळते. थव्यात कोण कुठे काम करतंय तेवढंच लेकीला शोधायला सांगा, कुणी खोडावर, कुणी फांदीच्या टोकाशी उलटं लटकून, कुणी खाली पाचोळ्यात. नावं हळूहळू येतात.

तळं असेल तर सोन्याहून पिवळं. बदकांचे नर हिवाळ्यात बहुतेक पूर्ण रंगात असतात त्यामुळे नवख्याला ओळखायला हेच दिवस सोपे. एका पायावर उभा असलेला पक्षी दाखवा आणि विचारा दुसरा पाय कुठे गेला. पिसांत ऊब धरून ठेवलेला असतो तो! पायातलं गार रक्त वर येताना खाली जाणाऱ्या गरम रक्ताच्या अगदी शेजारून येतं आणि वाटेतच तापतं, म्हणून बर्फगार पाण्यातही त्यांचं चालतं. पाव टाकू नका पण, पोट भरतं आणि पोषण काही मिळत नाही, वर पाणी घाण होतं.

आणि लेकीला खरं काम हवं असेल तर फेब्रुवारीत चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो. १९९८ साली अमेरिकेत सुरू झाला आणि २०१३ पासून जगभर कुठूनही भाग घेता येतो. कमीत कमी १५ मिनिटं एका जागी पक्षी मोजायचे आणि यादी ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर, टाकायची, बस. तिची यादी खरोखर अभ्यासकांपर्यंत जाते हे तिला सांगा, सहा वर्षांच्या मुलांना हे फार मोठं वाटतं आणि ते आहेच मोठं. अशी हिवाळी मोजणी १९०० साली फ्रँक चॅपमन या अमेरिकी पक्षीतज्ज्ञानं नाताळच्या दिवशी सुरू केली, त्याआधी त्या दिवशी लोक गट करून दिसेल तो पक्षी मारत, त्याऐवजी त्यानं मोजायला सांगितलं. मला ही गोष्ट फार आवडते.

नावासाठी मर्लिन अ‍ॅप घ्या, आवाज ऐकून पक्षी सुचवतं. थंडीत बॅटरी पटकन उतरते, फोन आतल्या खिशात ठेवा.

रानवाट

अ‍ॅपबद्दल एक आग्रहाची विनंती. ऐकायला वापरा, पण पक्षी जवळ यावा म्हणून त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवू नका. पक्ष्याला वाटतं आपल्या जागेत कुणी घुसलंय, तो खाणं सोडून शोधत फिरतो, आणि दिवस लहान असताना त्याला पोट भरायलाच वेळ कमी असतो. विशेषतः घुबडं, त्यांच्या बऱ्याच जातींची वीण हिवाळ्यातच सुरू होते.

झाडोरा

@रानवाट अगदी बरोबर. माझं तर म्हणणं पहिले काही वेळा फोन घरीच ठेवावा, अ‍ॅपनं नाव सांगितलं की मूल पक्ष्याकडे बघायचं थांबवतं.

किलबिल

@झाडोरा इथे मी सहमत नाही. स्नेहलनं स्वतः लिहिलंय की नावं येत नाहीत, आईला उत्तर मिळालं की मुलीच्या पुढच्या प्रश्नाला दम येतो. आधी दोघींनी रंग, चोच, शेपटी बघून घ्यायची आणि मग अ‍ॅप उघडायचं, असा क्रम ठेवला की तुमचंही राहील माझंही राहील.

स्नेहल२१

बापरे, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार! वेळ आणि तीन थर पक्कं. आईंना बाकाचं वाचून दाखवलं तर त्यांनी लगेच जुनी घोंगडी काढून ठेवलीये. वण आणि डोळा बघायला भिंग शोधते. एकच शंका, सकाळी खूप दंव असतं, गवत ओलंचिंब, मग लेकीला त्यात जाऊ द्यायचं का नाही?

गारवा

जाऊ द्या, फक्त बूट पाणी आत न घेणारे हवेत आणि एक जोडी कोरडे मोजे बरोबर ठेवा. पाय ओले झाले की लगेच बदलायचे, घरी जाऊन नाही.

झाडोरा

आणि दंव आहे तोवर कोळ्यांची जाळी बघून घ्या, नंतर दिसत नाहीत. सूर्य समोर येईल असं उभं राहायचं म्हणजे प्रत्येक धाग्यावरचे थेंब चमकतात. गोल जाळं असेल तर मधून बाहेर जाणारे सरळ धागे आणि गोल फिरलेले धागे वेगळे दाखवा, चिकट असतात ते गोल, कोळी चालतो सहसा सरळ धाग्यांवरून. लेकीला हात लावायचा मोह होईल, सुकलेल्या गवताची काडी द्या आणि अगदी कडेच्या एका गोल धाग्याला टेकवून बघू दे, कोणता चिकटतो ते तिचं तिला कळेल. दहिवर (गोठलेलं दंव) पडलं असेल तर पानांच्या कडा आधी बघायच्या, स्फटिक तिथेच छान दिसतात, आणि श्वास दूर ठेवायचा नाहीतर वितळतात.