वर्क अँड हॉलिडे व्हिसावर ऑस्ट्रेलियात इलेक्ट्रिशियनचे काम मिळू शकते का?

दांडियाबाजारकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी बडोद्याचा, वय वर्षे 27. महाराजा सयाजीराव विद्यापीठातून बी.कॉम. झाल्यावर हिशेबाच्या कामात आपले मन रमणार नाही हे लक्षात आले, म्हणून गोरव्याच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला आणि गेली चार वर्षे मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पॅनेल वायरिंग, म्हणजे विजेच्या नियंत्रण-पेट्यांच्या आतले वायरिंग, करतो आहे. तरुणांना वर्षभर फिरत काम करू देणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या वर्क अँड हॉलिडे व्हिसाच्या, म्हणजेच सबक्लास 462 च्या सोडतीत माझा नंबर लागला आहे. नाव निघाल्यापासून अर्ज भरायला 28 दिवस मिळतात आणि त्यांपैकी नऊ दिवस केवळ विचार करण्यात गेले.

अडचण अशी आहे की अलकापुरीतील एका एजंटाने, तिकडे इलेक्ट्रिशियनची टंचाई असल्यामुळे उतरल्यानंतर दोन आठवड्यांत ताशी 45 डॉलरची नोकरी लावून देतो, असे सांगून साडेतीन लाख रुपये मागितले आहेत. वडील म्हणतात की मुदत ठेव मोडू, पण त्यांच्या निवृत्तीच्या पैशाला हात लावण्याआधी मला खात्री करून घ्यायची आहे. या व्हिसावर माझ्या ट्रेडचे काम खरोखर मिळते का, आणि मिळत नसेल तर निघण्यापूर्वी मी इथे कोणती तयारी करावी? ज्यांनी हे स्वतः केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

रावपुऱ्याची, सध्या ब्रिस्बेन

मी या क्षेत्रात अभियंता म्हणून काम करते आणि इलेक्ट्रिशियन मंडळींबरोबर रोजचा संबंध येतो, म्हणून लिहिते आहे. टंचाई आहे हे एजंटाचे म्हणणे खरे आहे, परंतु त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. व्हिसा तुम्हाला या देशात काम करण्याची परवानगी देतो. इलेक्ट्रिशियन म्हणून काम करण्याची परवानगी मात्र त्या त्या राज्याचे लायसन्स देते, आणि ही दोन कागदपत्रे एकमेकांशी बांधलेली नाहीत. गुजरातमध्येही वायरमनचे परमिट असतेच, पण कंत्राटदाराच्या नावावर बिनपरवाना माणूस अख्ख्या घराचे वायरिंग करून जातो हे आपण सगळ्यांनीच पाहिले आहे. इथे असे करता येत नाही. लायसन्स नसताना साधा सॉकेट बदलणे हाही गुन्हा ठरतो.

परदेशात शिकलेल्या इलेक्ट्रिशियनला आधी ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया या सरकारी संस्थेमार्फत कौशल्य-तपासणी करून घ्यावी लागते. त्यात उत्तीर्ण झाल्यावर ऑफशोअर टेक्निकल स्किल्स रेकॉर्ड, म्हणजे परदेशात मिळवलेल्या कौशल्याचा दाखला मिळतो, त्याच्या आधारे तात्पुरते लायसन्स काढायचे, आणि मग लायसन्सधारकाच्या देखरेखीखाली साधारण वर्षभर काम करत इथल्या नियमांचे पूरक प्रशिक्षण पूर्ण करायचे, तेव्हा कुठे पूर्ण लायसन्स हाती येते. आता हे तुमच्या व्हिसाशी ताडून पाहा. या व्हिसावर एका मालकाकडे सहसा सहा महिन्यांपेक्षा जास्त काम करता येत नाही आणि शिक्षण जास्तीत जास्त चार महिने घेता येते. व्हिसाच मुळात बारा महिन्यांचा आहे. त्यामुळे दुसऱ्या आठवड्यात इलेक्ट्रिशियनची नोकरी लावून देणारा माणूस एक तर अज्ञानी आहे किंवा तुम्हाला अंधारात ठेवतो आहे.

तरीही तुमच्या बाबतीत एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तुम्ही घरांचे वायरिंग करणारे नाही, पॅनेल करणारे आहात. क्वीन्सलँडच्या 2002 च्या विद्युत सुरक्षा कायद्यात, जिथे विद्युत उपकरणे जुळवणे हीच कारखान्याची मुख्य उत्पादन-प्रक्रिया आहे तिथल्या त्या कामाला, ठरावीक अटींवर, ‘विद्युत काम’ या व्याख्येतून वगळले आहे. म्हणजेच स्विचबोर्ड बनवणाऱ्या कारखान्यात तुम्ही आज जे करता, ड्रॉइंग वाचून डिन रेल (उपकरणे अडकवायची पट्टी) बसवणे, वायर कापून लग (टोकाची धातूची टोपी) क्रिम्प करणे, फेरुल (क्रमांकाची नळी) घालून टर्मिनलवर नेणे, ते काम बिनलायसन्स माणसालाही मिळू शकते. शोध घेताना ‘इलेक्ट्रिशियन’ न लिहिता ‘स्विचबोर्ड असेंबलर’ किंवा ‘पॅनेल वायरर’ असे लिहा. इतर राज्यांचे नियम वेगळे आहेत, तेव्हा तिथे जायचे ठरल्यास त्या राज्याच्या नियामकाचे संकेतस्थळ आधी पाहा.

आणखी एक गोष्ट, जी हाताच्या सवयीशी निगडित असल्यामुळे धोक्याची आहे. आपल्याकडे तीन फेज म्हणजे लाल, पिवळा, निळा. इथल्या स्थिर वायरिंगमध्ये ते लाल, पांढरा आणि निळा असतात. न्यूट्रल दोन्हीकडे काळा. म्हणजे पांढरी तार दिसली की ती जिवंत फेज असू शकते. उलट लवचिक कॉर्डमध्ये तपकिरी फेज आणि निळा न्यूट्रल असतो, त्यामुळे निळा रंग एका ठिकाणी फेज तर दुसऱ्या ठिकाणी न्यूट्रल. निघण्यापूर्वी एएस/एनझेडएस 3000 या मानकाची, ज्याला इथे सगळे ‘वायरिंग रूल्स’ म्हणतात, तोंडओळख करून घेतलीत तर मुलाखतीत फार उपयोग होईल.

मांजलपूरचा वेल्डर

ताईंनी लायसन्सचे सांगितले, मी तिथल्या रोजच्या व्यवहाराचे सांगतो, कारण मी याच व्हिसावर एक वर्ष राहून नुकताच परत आलो आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये भारतासाठी पहिल्या सोडतीची नोंदणी झाली, तेव्हा एक हजार जागांसाठी पहिल्या दोन आठवड्यांतच सुमारे 40 हजार अर्ज आले होते आणि त्यात माझे नाव निघाले. नोंदणीची फी 25 ऑस्ट्रेलियन डॉलर होती, पासपोर्ट आणि पॅनकार्ड लागले, आणि सगळा अर्ज मी घरी बसून स्वतः भरला. वय 18 ते 30, इंग्रजीची साधारण पातळी, शिक्षण, आणि परतीच्या भाड्याव्यतिरिक्त खात्यावर सुमारे पाच हजार डॉलर, एवढ्याच मुख्य अटी आहेत. यात एजंटाने करण्यासारखे काय आहे, हे मला अजूनही समजलेले नाही.

वेल्डिंगला सहसा लायसन्स लागत नाही, हाताची परीक्षा होते. क्वीन्सलँडमधील मकाय हे शहर खाणींची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या कारखान्यांचे गाव आहे. तिथे आपल्या फॅब्रिकेटर-वेल्डरला ‘बॉयलरमेकर’ म्हणतात, आणि हा शब्द मला ठाऊक नसल्यामुळे माझा पहिला महिना चुकीच्या जाहिराती पाहण्यात गेला. मग मी संकेतस्थळांचा नाद सोडला आणि रोज सकाळी सहाला स्टील-टो बूट घालून, स्वतःचे हेल्मेट हातात घेऊन एकेका शेडच्या दाराशी जाऊ लागलो. अकराव्या शेडमधल्या फोरमनने 10 मिलिमीटरच्या दोन पट्ट्या उभ्या टॅक करून (ठिपक्यांनी जोडून) दिल्या आणि खालून वर वेल्ड मारायला सांगितले. रूट पास, म्हणजे तळाचा पहिला थर, झाल्यावर मी ग्राइंडरने मुळापर्यंत साफ केले, आणि त्याने वेल्डपेक्षा तेच जास्त बारकाईने पाहिले. थंड झाल्यावर पट्टी कापून वाकवली, कुठे चीर गेली नाही, आणि सोमवारी यायला सांगितले. माझे प्रमाणपत्र त्याने नोकरी दिल्यानंतर मागितले.

आता ज्या दोन गोष्टींत माझे नुकसान झाले त्या नीट सांगतो, म्हणजे तुमचे तरी होणार नाही. त्या शेडच्या आधी मी तीन आठवडे एका छोट्या कंत्राटदाराकडे होतो. त्याने मला नोकर म्हणून न घेता एबीएन, म्हणजे स्वतःच्या धंद्याचा नोंदणी क्रमांक, काढायला लावला, म्हणजे कागदावर मीच धंदेवाईक झालो, आणि त्यामुळे पगाराची पावती नाही, सुपरॲन्युएशन (मालकाने भरायचा निवृत्तिनिधी, थोडक्यात ‘सुपर’) नाही, हात भाजला असता तर विम्याचा प्रश्नही लोंबकळत राहिला असता. हत्यारे त्याची, वेळ त्याची, हुकूम त्याचे, तरी मी स्वतंत्र व्यावसायिक! असा व्यवहार तिथल्या कायद्याला मान्य नाही आणि त्याची तक्रार कामगारांच्या हक्कांवर देखरेख करणाऱ्या फेअर वर्क ओम्बड्समन या सरकारी कार्यालयाकडे करता येते, हे मला नंतर कळले. 1 जुलै 2025 पासून किमान वेतन ताशी 24.95 डॉलर झाले होते आणि कॅज्युअल (कायम नसलेल्या) कामगाराला त्यावर आणखी 25 टक्के मिळतात, तेव्हा त्याहून कमी दर कोणी सांगितला तर थांबूच नका. या व्हिसावरील कामगाराचा कर साधारणपणे पहिल्या डॉलरपासून 45 हजारांपर्यंत 15 टक्के कापला जातो, आणि मालक जो सुपर भरतो त्यातले 65 टक्के देश सोडताना करात जातात, म्हणून सुपरच्या पैशावर घरी कोणतीही योजना आखू नका.

दुसरे नुकसान मला अजून सलते. दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर पहिल्या वर्षात तीन महिने ठरावीक भागात ठरावीक प्रकारचे काम करावे लागते, आणि त्या यादीत उत्तरेकडील व इतर ठरावीक ग्रामीण भागांतले बांधकाम आहे. मकाय उत्तरेच्या पट्ट्यात येते, मी सहा महिने तिथे पोलादावर काम केले, म्हणून मी निश्चिंत होतो. परंतु कारखान्याच्या शेडमध्ये केलेले फॅब्रिकेशन हे उत्पादन धरले जाते, बांधकाम नव्हे, आणि ते माझ्या हिशेबात धरता येणार नव्हते. हे कळेपर्यंत मला पुरेसे दिवस उरले नव्हते. तुम्ही पॅनेल शॉपमध्ये लागलात तर तुमच्याबाबतीत नेमके हेच होईल. म्हणून आधी तीन महिने बांधकामाच्या साइटवर ट्रेड असिस्टंट म्हणून काढा, ज्याला तिथे नुसते ‘टीए’ म्हणतात. चर खणणे, सामान वाहणे, इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली लागेल ती मदत करणे, असे ते काम असते. प्रत्येक पगारपावती जपून ठेवा आणि मग पॅनेलकडे वळा. साइटवर पाय ठेवण्यासाठी व्हाइट कार्ड लागते. तो सुरक्षिततेचा छोटा अभ्यासक्रम आहे, तिथे पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात करून टाका.

आरटीओतून आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट अवश्य काढा. औद्योगिक वसाहतीत पहाटे बस नसते, आणि ‘गाडी आहे का’ हा प्रश्न मला वेल्डिंगच्या प्रश्नाआधी विचारला जात असे.

निवृत्त निदेशक, वाडी

मी तीस वर्षांहून अधिक काळ आयटीआयमध्ये शिकवले. व्हिसाचे ज्ञान वरील दोघांना माझ्यापेक्षा जास्त आहे, म्हणून मी फक्त कागदांबद्दल लिहितो.

आपली मुले हाताने उत्तम काम करतात, पण ते काम शब्दांत मांडायची वेळ आली की ‘वायरिंग करतो’ एवढेच सांगतात. सयाजीराव महाराजांनी 1890 साली बडोद्यात कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली, तेव्हा तिची उभारणी करणाऱ्या प्राध्यापक गज्जरांचा आग्रह होता की कारागिराला त्याचा धंदा त्याच्याच भाषेत, पण शास्त्रासकट समजला पाहिजे. मला ती दृष्टी आजही योग्य वाटते. ज्याला आपले काम मराठीत टप्प्याटप्प्याने सांगता येते, त्याला ते इंग्रजीत सांगायला पंधरा दिवस पुरतात.

चिरंजीव, तुम्ही मालकांकडून जे अनुभवपत्र घ्याल त्यात ‘समाधानकारक काम केले’ असे एक वाक्य नको. कोणत्या तारखेपासून, आठवड्याला किती तास, किती अँपिअरपर्यंतची पॅनेल, एमसीसी (मोटर नियंत्रण) की पीसीसी (वीज नियंत्रण व वितरण) की एपीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारे), ड्रॉइंगवरून स्वतंत्रपणे करता की कोणाच्या हाताखाली, मेगर चाचणी (तारांच्या इन्सुलेशनची तपासणी) स्वतः घेता का, हे सगळे लेटरहेडवर, सही करणाऱ्याचे पद आणि फोन नंबर यांसह लिहून घ्या. उद्या खरोखरच कौशल्य-तपासणीला बसायचे ठरले तर हेच पत्र उपयोगी पडते, आणि परदेशात गेल्यावर ते मागवणे फार कठीण होते. पगारपत्रके व भविष्यनिर्वाह निधीचा उतारा त्याला जोडा. केलेल्या पॅनेलचे फोटोही घ्या, मात्र मालकाची परवानगी घेऊन आणि ग्राहकाचे नाव झाकून. एक फोटो दार उघडून आतल्या वायरिंगचा, फेरुलचे आकडे एकाच दिशेने वाचता येतील इतक्या जवळून काढलेला असावा. जाणकार माणूस त्या एका फोटोवरून तुमची शिस्त ओळखेल.

एजंटाबद्दल एकच सांगतो. परदेशी नोकरी लावून देणाऱ्याकडे केंद्र सरकारची नोंदणी असावी लागते, ती ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते, आणि त्याला उमेदवाराकडून 30 हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. साडेतीन लाखांचा आकडा ऐकल्यावर नोंदणी क्रमांक विचारा.

दांडियाबाजारकर

आपण तिघांनी इतका वेळ काढून लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. काल संध्याकाळी एजंटाला फोन करून नोंदणी क्रमांक विचारला. ‘ऑफिसला या, समोरासमोर बोलू,’ एवढेच उत्तर दोनदा मिळाले, म्हणून मी नाही सांगून टाकले. वडिलांची मुदत ठेव आहे तिथेच राहील. पाच हजार डॉलरची रक्कम माझ्या बचतीतून आणि मामांकडून हातउसने घेऊन जमते आहे.

काकांनी सांगितल्याप्रमाणे अनुभवपत्राचा मसुदा मी रात्री बसून मराठीत लिहिला. बावीस ओळी झाल्या, आणि चार वर्षांत आपण इतके काही शिकलो आहोत हे मला प्रथमच कागदावर दिसले. शेठ सोमवारी वाचून सही करतो म्हणाले आहेत. दादा, एक शंका उरली आहे. टीएचे काम शोधायला मकायच योग्य, की टाउन्सव्हिल आणि डार्विनकडे बांधकामे अधिक चालू असतात? तिकीट कुठले काढायचे ते त्यावर ठरवणार आहे.

मांजलपूरचा वेल्डर

तिन्ही ठिकाणे उत्तरेच्या पट्ट्यात मोडतात, त्यामुळे दुसऱ्या वर्षाच्या दृष्टीने फरक नाही. मात्र डार्विनला साधारण नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा असतो आणि त्या दिवसांत मातीची कामे मंदावतात, म्हणून मे महिन्याच्या आधी तिथे जाऊ नका. टाउन्सव्हिलमध्ये माझ्याबरोबरचे दोघे टीए म्हणून होते. रविवारी सकाळी मांजलपूरला घरी या, त्यांना व्हिडिओ कॉल लावून देतो. हेल्मेट आणि बूट कोणते घ्यावेत, तेही प्रत्यक्ष दाखवतो.