सोळा फुटी गॅरेजवरची विटांची कमान: खाली पोलाद हवं की नको?

दांडियाबाजार_डिझायनर: बडोद्यात बसून अमेरिकेतल्या लाकडी घरांची ड्रॉइंग करणाऱ्यांसाठी. तोंड १६ फूट (४.९ मी.), लाकडी भिंतीसमोर ९० मिमी जाडीचं वीटकाम, कमानीचा उठाव (टोकांपासून माथ्यापर्यंतची उंची) ३०० मिमी, दोन्हीकडे जेमतेम ६०० मिमीचे विटांचे खांब. माझं मत: खाली पोलाद हवंच, आणि ते लाकडाला न जोडता विटांवर टेकलेलं हवं.

मांडवीकर: पटत नाही. बडोद्याच्या जुन्या मांडवी दरवाजाच्या कमानींखाली कुठे अँगल (एल आकाराची पोलादी पट्टी) आहे? सेंटरिंग पक्कं द्या, सांधे गच्च भरा, सात दिवस हात लावू नका. पोलाद गंजलं की फुगतं आणि वरची वीट उचलतं, त्याचं काय?

दांडियाबाजार_डिझायनर: अहो, मांडवीला रेटा घ्यायला भरीव पाय आहेत. इथे वर सरासरी एक मीटर वीटकाम धरा, म्हणजे मीटरला १७५ किलो. मीटरमागचं वजन गुणिले गाळ्याचा (तोंडाच्या रुंदीचा) वर्ग, भागिले उठावाची आठपट: आडवा रेटा सुमारे १७५० किलो. २.४ मी. उंच खांबाचं स्वतःचं वजन २५० किलोही भरत नाही. टाय, म्हणजे वीटकाम लाकडी भिंतीला बांधणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या, भिंतीला बाहेर झुकू देत नाहीत, पण भिंतीच्या रेषेतला रेटा त्यांना पेलत नाही. खांब किंचित सरकतो, माथ्याखालचा सांधा उघडतो. उठाव ६०० केलात तर रेटा निम्मा होईल, तरी ८७५ उरतोच. गंजाचं खरं आहे. गॅल्व्हनाइज्ड घ्या.

रावपुरा_सुतार: मग अँगल सरळ हेडरलाच, म्हणजे तोंडावरच्या लाकडी तुळईलाच, बोल्ट करा ना. हेडर तसाही आहेच, खांबावर भार कशाला?

दांडियाबाजार_डिझायनर: २८६ मिमी खोलीचं ओलसर लाकूड १९ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आलं की सहा-साडेसहा मिमी आकसतं. भाजलेली वीट उलट ओल शोषून थोडी वाढते. बाजूची भिंत वर, मधली कमान खाली. फट नेमकी खांबाच्या कडेला पडते. शिवाय कायमच्या भाराखाली लाकूड वर्षानुवर्षं लवत राहतं.

रावपुरा_सुतार: हे करवती लाकडाचं झालं. एलव्हीएल (लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेला) कोरडाच येतो, फार आकसत नाही. आणि वरच्या मजल्यावर, गॅरेजच्या छपराच्या मागे, विटेखाली वीट नसतेच. तिथे अँगल हवेत टेकवणार का?

दांडियाबाजार_डिझायनर: तिथे तुमचं मान्य. गॅरेजला नाही.

मकरपुरा_फॅब्रिकेटर: मापाचं बोला. लवण्याची मर्यादा गाळ्याचा सहाशेवा भाग, म्हणजे ८ मिमी. सरळ धरून १५०×९०×१० अँगल १३ मिमीच्या आसपास लवतो. २००×१००×१० सहावर थांबतो. पण तो कमानीसारखा वाकवायला रोलिंगला टाकलात तर पीळ पडतो, मग विटा एका कडेवर बसतात. त्यापेक्षा १० मिमी प्लेट कमानीच्या आकारात कापा, खाली वाकवलेली ९० मिमी पट्टी वेल्ड करा. दोन्हीकडे २०० मिमी टेकण, खाली फ्लॅशिंगचे (पाणी अडवणाऱ्या पातळ पट्टीचे) दोन थर, टोकाला १० मिमी मोकळं. टोक मसाल्यात गच्च बसवलंत की वाकडं पोलादही खांबाला ढकलतं.

मांडवीकर: आणि पाणी? वाकड्या पट्टीवरचं पाणी दोन्ही टोकांना धावणार.

मकरपुरा_फॅब्रिकेटर: म्हणून फ्लॅशिंग माथ्यावरच्या थरात आडवं घ्यायचं, टोकं वर दुमडायची, दर ६०० मिमीला निचऱ्याचं भोक. प्लेट आणि मागच्या लाकडी भिंतीमध्ये १५ मिमी उरतात, तिथे मसाला पडू देऊ नका.