सल्ला हवा: दिवसाला तीन-चार डाइव्ह आणि कमरेपर्यंत केस, कसं जमवता?

लाटवेडी:
नमस्कार मैत्रिणींनो. स्कूबा डायव्हिंगचा ओपन वॉटर कोर्स, म्हणजे पहिली पायरी, नुकताच संपला. पाण्याखाली काय काय दिसलं ते सवडीने लिहीन, आत्ता पाण्याबाहेरचं रडगाणं. चार दिवसांत डोक्याचा पार झाडू झालाय. मास्क काढताना पट्ट्याबरोबर दर वेळी पाच-पंचवीस केस तुटून येतात. तिसऱ्या दिवशी मानेवर गुंत्याची अक्षरशः जट झाली, ती सोडवायला दीड तास गेला. प्रशिक्षकांना विचारलं तर म्हणाले, "कापून टाका." तो उपाय मलाही माहीत आहे हो!

पुढच्या महिन्यात सहा दिवस बोटीवर राहून डाइव्ह करायच्या आहेत, रोज तीन-चार. गोडं पाणी बेताचंच मिळेल म्हणतात. शिवाय वेटसूटच्या गळ्याने मान सोलवटलीय, कपाळावरचा मास्कचा वण संध्याकाळपर्यंत जात नाही आणि नखांचे पापुद्रे सुटतायत. जेल नेलपॉलिश करून गेले तर नखं टिकतील का? तुम्ही काय वापरता ते सांगा. पिशवीत मावेल इतकंच.

खारंपाणी:
कापू नकोस. माझेही लांब आहेत आणि अजून डोक्यावर आहेत.

खरं काम पाण्यात उतरायच्या आधीचं. कोरडे केस घेऊन समुद्रात शिरायचं नाही. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, आणि कोरडा केस जे पाणी आधी मिळेल ते पितो. मग ते गोडंच पाजावं. दोन मग पुरतात. निथळले की खालच्या अर्ध्या केसांना थोडासा कंडिशनर चोळ आणि न धुता त्यावरच घट्ट वेणी घाल.

एक नाही, दोन वेण्या, कानांच्या मागे, खालच्या बाजूला. मास्कचा पट्टा डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर बसतो. तिथे अंबाडा असला की पट्टा जागेवर राहत नाही. मानेवर अंबाडा घातलास तर वर बघताना तो फर्स्ट स्टेजला, म्हणजे सिलिंडरच्या तोंडावर बसवलेल्या धातूच्या भागाला, आपटतो. हुड घालणार असशील तर अंबाड्याचं नावच काढू नकोस. आणि मोकळी पोनीटेल घातली होतीस ना? जट तिथूनच आली.

पट्ट्यावर चढवायचं निओप्रीनचं, म्हणजे वेटसूटच्याच रबरी कापडाचं, कव्हर मिळतं, ते पहिलं घे. नुसता सिलिकॉनचा पट्टा केसाला चिकटून बसतो, कव्हर सरकतं. मास्क काढतानाही समोरून उपटू नकोस. एक हात मागे घालून पट्टा उचल, मग पुढे घे.

दोन डाइव्हच्या मधे वेणी सोडायची नाही, वरूनच मगभर पाणी ओतायचं. रात्री कंडिशनर लावून रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर वर यायचं. ओला केस आधी ताणला जातो आणि मग तुटतो, त्यामुळे तिथे घाई नको. बाकी सगळी घाई चालेल.

मासोळी:
दोन वेण्यांना +१. कपाळावरच्या भुरभुऱ्या केसांसाठी डोक्याला बफ (नळीसारखा ताणणारा रुमाल) बांध. मास्कच्या कडेखाली एखाद-दोन केस अडकले तरी पाणी झिरपतं. मी एक अख्खी डाइव्ह मास्क रिकामा करण्यात घालवलीय.

तिसरीघंटा:
मी तर सकाळी खोबरेल थापून उतरते. कंडिशनर वगैरे काही नाही. कधी त्रास झाला नाही.

खारंपाणी:
खोबरेलाशी माझं भांडण नाही. ते केसाच्या आत मुरतं आणि प्रथिनांची झीज कमी करतं. भांडण वेळेशी आहे. सकाळी तेल लावलं की तेच हात मास्कच्या काचेला, मग आतून धुकं धरतं आणि कड घसरते. ड्रायसूटच्या (आत पाणी न शिरणाऱ्या सूटच्या) लॅटेक्सच्या कडा तेलाने खराब होतात. आणि जिथे जास्त ऑक्सिजनचे सिलिंडर वापरतात तिथे व्हॉल्व्हला तेलकट हात लावणं म्हणजे आगीशी खेळ, हे शब्दशः. आदल्या रात्री लाव, हात साबणाने धू.

तिसरीघंटा:
हे ऑक्सिजनचं ठाऊक नव्हतं. उद्यापासून रात्री.

रंगीतपतंग:
माझे केस ब्लीच केलेले आहेत. कोर्सचा स्विमिंग पूलमधला भाग झाल्यावर हिरवट दिसायला लागले. क्लोरीनमुळे ना?

खारंपाणी:
पाण्यातल्या तांब्यामुळे. क्लोरीन त्या तांब्याचं ऑक्सिडीकरण करतं आणि ते केसाला धरून बसतं. ब्लीच केलेल्या केसांवर जास्त दिसतं. साध्या शाम्पूने निघत नाही, ईडीटीए असलेला कीलेटिंग, म्हणजे धातू पकडून काढणारा, शाम्पू बघ. रोज नको, फार कोरडे होतात. पूलमध्ये उतरतानाही गोड्या पाण्याने भिजवायचा नियम तोच.

निळीछत्री:
त्वचेवर मी बोलते. सनस्क्रीनची बाटली दुसऱ्या क्रमांकावर, आधी लांब बाह्यांचा रॅश गार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा अंगाबरोबरचा टी-शर्ट. कापड धुऊन जात नाही, दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागत नाही, आणि समुद्रातही उतरत नाही. उरलेल्या जागी, म्हणजे चेहरा, कान, हातांची मागची बाजू, पायांचे पंजे, झिंक ऑक्साइडचं. ऑक्सीबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेलं नको. पलाऊमध्ये १ जानेवारी २०२० पासून आणि हवाईमध्ये १ जानेवारी २०२१ पासून ते विकायलाच बंदी आहे, प्रवाळासाठी. 'रीफ सेफ' या छापाला मात्र भुलू नका, त्याची ठरलेली कायदेशीर व्याख्या नाही. बाटली उलटी करून घटक वाचा.

आणि कपाळाला मास्कच्या कडेच्या आत लावू नका. वितळून डोळ्यात जातं आणि मग वीस मीटरवर रडत बसायचं.

मासोळी:
पण मग खारंपाणी सांगतायत तो कंडिशनर समुद्रात जात नाही का?

निळीछत्री:
जातो. म्हणून थोडासाच. मी तो उतरण्यापूर्वी निदान दहा मिनिटं आधी लावते आणि जास्तीचा टॉवेलने टिपून घेते. यापलीकडे माझ्याकडे उत्तर नाही.

मानेबद्दल: व्हॅसलीन नको, पेट्रोलियम जेलीने निओप्रीन खराब होतं. आत उंच गळ्याचा पातळ लायक्रा घाल. सोलवटलेल्या जागेला रात्री साधं मलम. उतरायच्या दिवशी सकाळी रेझर फिरवू नकोस, मीठ काय असतं ते कळेल. वेटसूट रोज गोड्या पाण्यात खळबळून, उलटा करून सावलीत वाळव. ओल्या घाणेरड्या सूटमधून केसांच्या मुळांशी पुळ्या येतात. बोटीवरचं पाणी कमी पडलं तर निदान शेवटच्या डाइव्हनंतर तरी.

वण म्हणजे पट्टा जास्त आवळलायस. आवळल्याने गळती थांबत नाही, उलट कड दुमडते. दोन बोटं जातील इतका सैल ठेव. खाली जाताना नाकाने थोडी हवा मास्कमध्ये सोडत राहा. नाही सोडली तर मास्क चेहरा शोषून घेतो, डोळ्याच्या पांढऱ्यात रक्त उतरतं. दिसायला भयंकर, बहुतेक वेळा एक-दोन आठवड्यांत आपोआप जातं. दुखलं किंवा दिसण्यात फरक पडला तर मात्र डॉक्टर.

कातळशेवाळ:
सहसा नुसती वाचते, आज लिहिते.

सहलीचा तिसरा दिवस, तिसरी डाइव्ह. वर आल्यावर अर्ध्या तासात पोट आणि मांड्या खाजायला लागल्या. मग तांबडे-जांभळे डाग, संगमरवराच्या नक्षीसारखे, जाळीदार. मला वाटलं सूट बोचला. कॅलामाइन लावलं, वर टी-शर्ट घातला आणि चौथ्या डाइव्हसाठी सूट अर्धा चढवला होता. सोबतच्या एकीने पाठीच्या बाजूलाही तेच बघितलं आणि गाईडला हाक मारली. त्याने सूट उतरवायला लावला, ऑक्सिजनचा मास्क चढवला, डॉक्टरांना फोन केला. त्वचेचा बेंड्स होता तो. वर येताना दाब कमी झाला की अंगात मुरलेल्या नायट्रोजनचे होतात ते बुडबुडे.

खोली आणि वेळ मोजून धोक्याची सूचना देणाऱ्या मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरने एकदाही बोंब मारली नव्हती, हे मुद्दाम सांगते.

डाइव्हनंतर पोट, छाती, मांड्या, ढुंगण, दंड यांवर असं जाळीदार काही उठलं तर क्रीम लावून वाट बघायची नाही. पुढची डाइव्ह बंद, शंभर टक्के ऑक्सिजन, आणि डायव्हर्स अलर्ट नेटवर्कसारख्या संस्थेची आपत्कालीन लाइन. त्वचेवर दिसतंय म्हणून प्रकरण फक्त त्वचेचं असतं असं नाही.

निळीछत्री:
हे माझ्या पोस्टच्या वर हवं होतं.

तिसरीघंटा:
बापरे. मग साधं पुरळ ओळखायचं कसं? मला स्विमसूटच्या आतल्या भागावरच बारीक लाल पुळ्या आल्या होत्या, दुसऱ्या दिवशी.

कातळशेवाळ:
ती बहुधा जेलीफिशची पिल्लं. कापडात अडकतात आणि दाबली की डंख मारतात. म्हणून आधी स्विमसूट काढायचा, मग अंघोळ. अंगावर ठेवून गोडं पाणी ओतलं तर उरलेलेही डंख फुटतात. तोच सूट साबणाने गरम पाण्यात धुतल्याशिवाय पुन्हा घालू नकोस. पण निदान करायला मी डॉक्टर नाही. शंका आली की गाईडला अंग दाखव, लाजू नकोस.

खारंपाणी:
नखांचं राहिलं. पाणी पिऊन नख फुगतं, वाळलं की आक्रसतं, दिवसातून चार वेळा हे झालं की थर सुटतात. बोटाच्या टोकाबरोबर काप, रात्री हातांबरोबर नखांच्या मुळांनाही जाड क्रीम. सूट चढवताना नखांनी ओढू नकोस, बोटांच्या पेरांनी चिमटीत धर. निओप्रीनवर नखांच्या चंद्रकोरी उमटतात, त्या तिथून पुढे फाटतात. जेल मी करणार नाही: कडेने सुटलं की आत ओल राहते आणि खाली हिरवं होतं, तो जिवाणूंचा प्रताप. अवांतर: गडद रंगामुळे बोटाला लावायचं ऑक्सिमीटर चुकू शकतं. कातळशेवाळसारखी वेळ आली तर एखादं बोट तरी कोरं असावं.

लाटवेडी:
परत आले! उशिरा लिहितेय, क्षमस्व.

दोन वेण्या आणि पट्ट्याचं कव्हर यांनी कमाल केली. सहा दिवसांत एकदाही जट नाही. गोडं पाणी खरंच मोजून होतं, म्हणून दीड लिटरची बाटली भरून ठेवायचे, ती दिवसभराच्या वेण्यांना पुरली. जेल केलं नाही. एक नख तरीही तुटलं, पण ते शिडीवर.

चौथ्या दिवशी पोटावर लाल पट्टे दिसले आणि माझं धाबं दणाणलं. इथे फोटो टाकायच्या आधी गाईडला दाखवलं. त्यांनी उलटून पालटून बघितलं, बरंच काही विचारलं, अर्ध्या तासाने पुन्हा बघितलं. सूटच्या शिवणीचे वळ निघाले. तरी ती दुपारची डाइव्ह त्यांनी करू दिली नाही, आणि मीही हट्ट केला नाही.

आता डाइव्हच्या बुटांना जो वास येतोय त्याचं काय करायचं? वेगळा धागा काढते.